चढणीची रचना व उतरणीचे वाचन : तिवोली येथील एस्ते उद्यानाचा अर्थक्रम

१

रोम नगरीच्या पूर्वेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावर डोंगराच्या कडेवर तिवोली हे गाव वसलेले आहे. प्राचीन लॅटिन ग्रंथांत याचेच नाव तिबूर असे येते. या गावाच्या पश्चिमेकडील तीव्र उतारावर सोळाव्या शतकात रचले गेलेले एस्ते घराण्याचे उद्यान, म्हणजे व्हिला देस्ते, आज जगभरच्या प्रवाशांचे आकर्षण होऊन राहिले आहे. साडेचार हेक्टरांच्या या जागेत लहानमोठी पन्नासाहून अधिक कारंजी व जलगुंफा असून त्यांतील पाणी मूळ योजनेप्रमाणे केवळ उताराच्या बळावर खेळते; ते चढविण्यासाठी कोणत्याही पंपाची आवश्यकता नाही. २००१ साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

आजचा प्रवासी या उद्यानात प्रवेश करतो तो गावातील चौकातून. तो प्रथम प्रासादाच्या अंगणात येतो, चित्रांनी भरलेल्या दालनांतून फिरतो, सज्जावर उभा राहून खाली दृष्टी टाकतो आणि मग जिने उतरत उतरत एकेक कारंजे पाहतो. सर्वांत खालच्या सपाटीवर पोहोचल्यावर तो मत्स्यकुंडांच्या काठी विसावा घेतो आणि थकल्या पायांनी पुन्हा वर येतो. ही परतीची चढण त्याच्या लेखी नुसता श्रम असते, कारण पाहावयाचे ते सर्व पाहून झालेले असते.

मूळ योजना याच्या नेमकी उलट होती. पाहुण्यांसाठी मुख्य प्रवेशद्वार उद्यानाच्या तळाशी होते. रोमहून येणारा अतिथी खालच्या बाजूने आत शिरे आणि चढत चढत, एकेक टप्पा ओलांडीत, अखेरीस यजमानाच्या प्रासादापाशी पोहोचे. म्हणजे जे आज आरंभी येते ते पूर्वी शेवटी येई. ज्या रचनेचे घटक एका विशिष्ट क्रमाने भेटावेत अशी योजना आहे, ती रचना उलट क्रमाने पाहिली असता तिच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न उद्यानशास्त्राइतकाच भाषाविचाराचाही आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

२

प्रथम या उद्यानाचा इतिहास थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. उद्यानाचा निर्माता कार्डिनल इप्पोलितो देस्ते (१५०९–१५७२) हा फेरारा येथील एस्ते घराण्याचा पुत्र. लुक्रेत्सिया बोर्जिया ही त्याची माता. पोपपदाची आकांक्षा त्याने जन्मभर बाळगली, परंतु ती सिद्धीस गेली नाही. १५५० साली पोप तिसरा ज्यूलियस याच्या निवडणुकीस त्याने हातभार लावला आणि त्याच वर्षी तिवोलीच्या शासकपदावर त्याची नेमणूक झाली. पदाबरोबर निवासस्थान म्हणून मिळालेली इमारत म्हणजे एक जुना मठ होता. त्या मठाचा प्रासाद करावा व खालच्या उतारावर उद्यान रचावे, हा संकल्प तेथून सुरू झाला. त्यासाठी उतारावरील जमिनी व घरे ताब्यात घेण्यात आली, माती कापून व भरून टप्पे बांधण्यात आले, आणि १५६० नंतरच्या दशकात आनिएने नदीचे पाणी गावाखालून बोगदा खणून उद्यानात आणण्यात आले. १५७२ मध्ये कार्डिनलचे निधन झाले तेव्हा काही कामे अपुरीच होती.

या रचनेचा बौद्धिक सूत्रधार पिर्रो लिगोरिओ हा वास्तुकार तर होताच, पण त्याहीपेक्षा तो पुराणवस्तूंचा अभ्यासक होता. तिवोलीच्या खालच्या मैदानात असलेल्या सम्राट हेड्रियनच्या प्राचीन प्रासादाचे त्याने उत्खनन केले आणि तेथील पुतळे या उद्यानाच्या शोभेसाठी आणले गेले. विद्वान लेखक आपल्या ग्रंथात पूर्वसूरींची अवतरणे जशी योजतो, तसा हा प्रकार होय. प्राचीन शिल्प केवळ सुंदर म्हणून येथे ठेवलेले नव्हते. नव्या संदर्भात त्याच्याकडून नवे काही वदवून घ्यावयाचे होते.

३

उद्यानाचा हा कथितार्थ कोणता? १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डेव्हिड कॉफिन यांनी त्याची जी मांडणी केली, ती पुढील अभ्यासाचा पाया ठरली आहे. तीनुसार उद्यानाचा नायक हर्क्युलीस आहे. याला दोन कारणे होती. एक असे की प्राचीन तिबूर हे विजयी हर्क्युलीसच्या उपासनेचे मोठे क्षेत्र होते; दुसरे असे की एस्ते घराणे आपली वंशपरंपरा याच वीरापाशी नेऊन भिडवीत असे. हेस्पेरिडीस या अप्सरांच्या बागेतील सोन्याची सफरचंदे, त्यांचा राखणदार असलेला शंभर तोंडांचा ड्रॅगन, आणि त्यावर मात करून ती फळे आणणारा हर्क्युलीस ही कथा येथे आधारभूत आहे.

हर्क्युलीसविषयीची आणखी एक कथा झेनोफनने नोंदवून ठेवली आहे. तारुण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या वीरासमोर दोन स्त्रिया येतात. एक त्याला भोगाच्या सुगम वाटेवर बोलावते, दुसरी सद्गुणाच्या बिकट चढणीवर. आपल्याकडील परिभाषेत बोलावयाचे तर प्रेयस आणि श्रेयस यांतील ही निवड होय. उद्यानाच्या मध्यरेषेवर ड्रॅगनचे कारंजे आहे आणि तेथे येताच सरळ वाट संपते. कारंज्याला वळसा घालणारे दोन वक्र चढ डाव्या-उजव्या हातांना फुटतात. पुढील टप्प्यांवर एकीकडे व्हीनसच्या गुंफेची, तर दुसरीकडे प्रासादाच्या निकट, अधिक उंचीवर, ब्रह्मचारिणी डायनाच्या गुंफेची योजना होती. पाहुण्याने कोणती वाट धरावी हे कोणीही सांगत नाही, परंतु वाट दुभंगल्यामुळे निवड मात्र करावीच लागते. कथा येथे ऐकावयाची नसून पायांनी घडवावयाची आहे, हा या योजनेतील मर्माचा भाग होय.

ड्रॅगनच्या कारंज्याचा आणखी एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. १५७२ साली पोप तेरावा ग्रेगरी तिवोलीस आला तेव्हा त्याच्या स्वागतासाठी हे एका रात्रीत उभे केले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी तिच्या मुळाशी असलेली वस्तुस्थिती महत्त्वाची आहे : या पोपच्या घराण्याचे कुलचिन्हही ड्रॅगनच होते. त्यामुळे एकच आकृती हर्क्युलीसच्या कथेत राखणदार राक्षस ठरते आणि राजकीय संदर्भात आदरणीय अतिथीचे मानचिन्ह ठरते. संस्कृत साहित्यशास्त्र ज्याला श्लेष म्हणते तोच हा प्रकार. श्लेषातील कोणता अर्थ घ्यावयाचा याचा निर्णय प्रकरणावरून, म्हणजे मागेपुढे काय आहे यावरून होतो; आणि मागेपुढे काय आहे हे क्रमावर अवलंबून असते.

४

मध्यरेषा ही जर उद्यानाची उभी ओळ मानली, तर तिला छेदणारी आडवी ओळ म्हणजे ‘शंभर कारंजी’ होत. प्रत्यक्षात तोट्यांची संख्या शंभराहून कितीतरी अधिक आहे. येथे शंभर हा आकडा मोजदाद करीत नसून विपुलता सुचवितो. एकाखाली एक असे तीन पाट, वरच्या ओळीत गरुड, नौका, सूचिस्तंभ व लिलीची फुले, आणि खाली पाणी ओकणारी प्राण्यांची मुखे अशी ही मांडणी आहे. ओव्हिडच्या रूपांतरकथांची शिल्पे येथे एका ओळीने बसविली होती; आज त्यांवर शेवाळ व नेचे इतके माजले आहेत की बहुतेक कथा ओळखू येत नाहीत.

या ओळीच्या एका टोकास ‘ओव्हातो’ नावाचे अंडाकृती कारंजे आहे. त्यामागे रचलेले कृत्रिम डोंगर, नद्यांच्या मूर्ती आणि अल्बुनिया ही भविष्यवादिनी यांच्याद्वारे तिवोलीचा प्रदेश दाखविला आहे. दुसऱ्या टोकास ‘रोमेत्ता’ आहे. तेथे रोमचे छोटे रूप उभे केलेले होते : आसनस्थ रोमदेवता, जुळ्यांना दूध पाजणारी लांडगी, आणि टायबर नदीतील बेटाचे प्रतीक म्हणून पाण्यात उभी केलेली, मध्ये सूचिस्तंभ असलेली नौका. दोहोंच्या मधून वाहणारे पाट म्हणजे तिवोलीच्या डोंगरातून रोमकडे जाणारे पाणी. हा अर्थ काल्पनिक नाही; आनिएने नदी खरोखरच तिवोलीहून निघून टायबरला मिळते. भूगोलातील एक सत्य विधान येथे दगड व पाणी यांच्या साहाय्याने लिहिलेले आहे, आणि त्यात कर्ता तिवोली आहे, रोम नव्हे. रोमने ज्याला पोपपद नाकारले त्या शासकाने हे वाक्य असे रचावे, यातील अभिमान पाहुण्यांच्या लक्षात आल्यावाचून राहिला नसेल.

नावांचा विचारही येथे उद्बोधक ठरतो. रोमेत्ता या शब्दात लघुत्वदर्शक स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. मराठीत डब्याची डबी किंवा सुऱ्याची सुरी होते त्यासारखेच हे होय. महानगरीला प्रत्ययाने लहान केले की तिच्याशी लडिवाळपणे वागता येते. ओव्हातो कारंज्याला आरंभी ‘तिवोलीचे कारंजे’ असे म्हणत. ते नाव मागे पडून आकारावरून पडलेले नाव रूढ झाले. ज्या भव्य कारंज्यास आज आपण ‘ऑर्गनचे कारंजे’ म्हणतो, त्याचे एक जुने नाव ‘प्रलयाचे कारंजे’ असे होते. ड्रॅगनच्या कारंज्यासही, त्याच्या पाण्याची फिरती फेक व बारासारखे आवाज यांमुळे, आतषबाजीतील भुईचक्रासारख्या खेळाचे नाव मिळाले होते. अर्थावरून दिलेली नावे जाऊन रूप, नाद व चमत्कृती यांवरून नावे पडली, हा बदल पाहणाऱ्यांच्या दृष्टीत झालेल्या बदलाचा भाषिक पुरावाच आहे. खुद्द गावाच्या नावाचेही हेच झाले. पॅरिसमध्ये व अन्यत्र करमणुकीच्या बागांना तिवोली हे नाव देण्यात येऊ लागले. १८४३ साली कोपनहेगन येथे याच नावाची बाग उघडली. आणि आज डॅनिश, स्वीडिश व नॉर्वेजियन भाषांत तिवोली हे खेळपाळण्यांच्या जत्रेसाठी सामान्यनाम होऊन बसले आहे. ज्या विशेषनामात सद्गुणाची चढण अभिप्रेत होती, त्याच्या अर्थाचा हा प्रवास विचार करण्याजोगा आहे.

५

चमत्कृतीचा भाग मात्र मूळ योजनेतही कमी नव्हता. घुबडाच्या कारंज्यात फांद्यांवर बसविलेले धातूचे पक्षी गात असत. घुबड पुढे आले की ते एकाएकी गप्प होत, आणि ते वळून गेले की पुन्हा गाऊ लागत. ही युक्ती मुळात प्राचीन ॲलेक्झांड्रिया येथील हीरो या यंत्रज्ञाच्या ग्रंथातील आहे. बंद पात्रात पाणी शिरले की आतील हवा बाहेर ढकलली जाते. ती बारीक नळ्यांतून जाताना शिट्टी वाजते. पात्र भरले की नाद थांबतो, आणि त्याच पाण्याच्या भाराने घुबड फिरते. ऑर्गनच्या कारंज्यात हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर योजलेले आहे. उंचावरून कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढून एका बंद कोठीत आणते. तेथे पाणी खालून निघून जाते, हवा दाबाखाली साठते व नळ्यांकडे वळते. आणि वाहून जाणाऱ्या पाण्याने फिरणारे चक्र खुंट्या बसविलेला दंडगोल फिरवून नेमक्या वेळी नेमकी नळी उघडते. १५८१ साली येथे आलेल्या फ्रेंच निबंधकार माँतेन्य याने या दोन्ही यंत्रांची नोंद करून ठेवली आहे. मधल्या काळात मुके झालेले ऑर्गन एकविसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्त होऊन पुन्हा वाजू लागले.

या यंत्रांच्या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उद्यानातील पाणी वरून खाली येते. पाहुणा खालून वर जातो. म्हणजे पाहुण्याला प्रथम परिणाम भेटतो व मागाहून कारण. खाली संथ मत्स्यकुंडे, त्यावर नाद व तुषार, त्यावर पाट, त्यावर नदीचे आगमन, आणि सर्वांच्या वर यजमान. चढणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर ‘हे कोठून येते?’ असा प्रश्न पडतो आणि पुढचा टप्पा त्याचे उत्तर देतो. उतरणारा मात्र पाण्याच्याच दिशेने चालत असतो. त्याला उत्तर आधी मिळालेले असल्यामुळे प्रश्न पडत नाही. त्याच्या वाट्यास उरतात ती एकापुढे एक मांडलेली सुंदर दृश्ये.

६

सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक चिन्हाचा एक मूलभूत गुण सांगितला आहे : उच्चारित रूप काळाच्या ओघात, एका रेषेत उलगडते. चित्रातील घटक एकाच वेळी दृष्टीस पडू शकतात. वाक्यातील घटक तसे पडू शकत नाहीत. उद्यान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. ते जागेवर एकदम पसरलेले आहे, पण चालल्यावाचून पाहता येत नाही. भर्तृहरीने वाक्यार्थ अखंड मानला आणि वर्ण व पदे यांच्या क्रमाकडे त्या अखंडाच्या प्रकटीकरणाचे साधन म्हणून पाहिले. एस्ते उद्यानाचेही असे अखंड दर्शन एका ठिकाणी घडते : एत्येन द्यूपेराक याच्या १५७३ च्या उत्कीर्ण चित्रात. तेथे पाहणारा तळाशी, पण किंचित आकाशात उभा आहे. सर्व टप्पे एकावर एक दिसतात आणि शिखरावर प्रासाद. त्या काळी झाडे लहान असल्याने प्रत्यक्षातही खालून प्रासाद नजरेत येत असला पाहिजे. पुढे सरूची झाडे उंच वाढली. १७६० च्या उन्हाळ्यात फ्रागोनार या चित्रकाराने येथे राहून जी चित्रे काढली, त्यांत रान माजलेल्या बागेची उदास शोभा आहे. हर्क्युलीसची कथा नाही. १८७७ साली लिस्ट याने येथील जलक्रीडेवर पियानोसाठी रचना केली, तीतही पाण्याचा नाद हाच विषय झाला.

अर्थ हरपण्याचे कारण केवळ क्रमाचा विपर्यय हे नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. अठराव्या शतकात येथील पुतळे विकले गेले. त्यांतील काही आज रोमच्या कापिटोलिन संग्रहालयांत आहेत. वाक्यातील नामे काढून घेतली आणि क्रियापदे व अव्यये तेवढी ठेवली, तर जे उरेल ते येथे उरले आहे : वाटा आहेत, वळणे आहेत, पण त्या ज्यांच्यापाशी नेत त्या मूर्ती नाहीत. रोमेत्ताचाही मोठा भाग नष्ट झाला. उलट, मत्स्यकुंडांच्या टोकाशी असलेले नेपच्यूनचे प्रचंड कारंजे, जे प्रवाशांच्या छायाचित्रांत हटकून आढळते, ते लिगोरिओच्या योजनेतील नव्हे. बेर्नीनीच्या सतराव्या शतकातील भग्न प्रपातावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केलेली ती रचना आहे. प्रक्षिप्त भागच मूळ संहितेचा प्रतिनिधी ठरावा, असा प्रसंग पाठचिकित्सकांना अपरिचित नाही.

७

मग आजचा प्रवासी चुकीचे वाचन करतो असे म्हणावे काय? तसे म्हणणे घाईचे ठरेल. प्रासादात राहणारा यजमान रोज वरूनच खाली उतरत असणार. वरून दिसणारा क्रम हाही या उद्यानाचा एक खरा क्रम आहे. तो वक्त्याचा आहे, श्रोत्याचा नाही. वक्त्याला आपल्या बोलण्याचा शेवट आरंभीच ठाऊक असतो. श्रोत्याला तो एकेका पदाने गवसतो. आधुनिक प्रवेशव्यवस्थेने प्रवाशाला नकळत यजमानाच्या जागी नेऊन बसविले आहे, परंतु यजमानाचे ज्ञान काही त्याला दिलेले नाही. अडचण आहे ती येथे. कथा माहीत नसताना शेवटापासून सुरुवात करणारा वाचक उत्सुकताही गमावतो आणि आकलनही.

पुनर्रचनेच्या कामातही हाच प्रश्न उभा राहतो. ऑर्गन पुन्हा वाजविता आले, कारण यंत्राचा अर्थ त्याच्या कार्यात असतो आणि कार्य पुन्हा सुरू करता येते. मूर्तींच्या जागी प्रतिकृती बसविता येतील. परंतु क्रम हा दगडात नसतो, चालणाऱ्याच्या पायांत असतो. तो कोणत्याही संस्थेला एकतर्फी परत आणता येणार नाही.

प्रवाशाला मात्र तो थोड्या श्रमाने स्वतःपुरता परत आणता येतो. सज्जावर फार वेळ न रेंगाळता प्रथम तळापर्यंत उतरून जावे आणि सरूंच्या वर्तुळापाशी, जुन्या प्रवेशद्वाराकडे पाठ करून उभे राहावे. तेथून उद्यान पाहावयास आरंभ करावा. मत्स्यकुंडे, ड्रॅगनपाशी दुभंगणारी वाट, शंभर कारंज्यांची आडवी ओळ आणि ओव्हातोपाशी नदीचे आगमन या क्रमाने वर यावे. जी चढण एरवी परतीचा शीण म्हणून सोसावी लागते, तीच मग मूळ वाचन ठरते. पुतळे गेले, नावे बदलली, झाडांनी शिखर झाकले. तरी उतार अजून तोच आहे आणि पाणीही वरूनच येते. अन्वय लावण्यास एवढा आधार पुरेसा आहे.